युरोप दाखवणाऱ्या मराठी सहल कंपन्यांना इंदूरहून खुलं पत्र

प्रति,
मराठी प्रवाशांना युरोपात नेणाऱ्या सर्व सहल कंपन्यांचे संचालक आणि टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. बाल्टिक देश, स्कॉटलंड किंवा आयर्लंड यांच्या सहलीत एक दिवस असा ठेवा, की त्या दिवशी आपली कोच बस हॉटेलच्या दारातच उभी राहील. आम्हाला तिथल्या लोकल गाडीचं नाहीतर साध्या बसचं तिकीट द्या. आम्ही पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या थरांच्या, दलदलीतल्या लाकडी वाटेवरून स्वतःच्या पायांनी फिरून संध्याकाळपर्यंत परत येतो.

आम्ही म्हणजे कोण? तिलकनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग अशा वस्त्यांतले साठी ओलांडलेले लोक. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी शाळेतून, कोणी वीज मंडळातून. इंदूरला तुमची प्रेझेंटेशनं होतात तेव्हा हॉल भरतो तो आमच्यामुळेच. कचोरी संपेपर्यंत आम्ही बसतो, प्रश्न विचारतो आणि निम्मेअधिक लोक तिथल्या तिथे नाव नोंदवतो. तेव्हा हे पत्र विरोधकाचं नाही, गिऱ्हाइकाचं आहे.

तुमचं काम चोख असतं. व्हिसाचे कागद, विम्याची पॉलिसी, परदेशात गरम वरणभात, हरवलेल्या बॅगेमागे धावणारा टूर मॅनेजर, यातलं काही आम्हाला स्वतःला जमणारं नाही. अडचण एकच आहे. पंधरा दिवस युरोपात राहून आम्ही युरोप पाहतो तो बसच्या काचेतून. निसर्ग बघायचा म्हटलं की तुमच्याकडे दोनच गोष्टी: केबल कारने बर्फाच्या डोंगरावर नाहीतर बोटीने तळ्यात. चालायचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, “काका, आपल्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे गुडघे सारखे नसतात.”

गुडघ्यांचा मुद्दा खराच आहे आणि माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं. ट्रेकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्री येतो. चढ, घसरडी वाट, दगडी पायऱ्या. पीटच्या दलदलीत चढ नसतो. मैलोन्‌मैल सपाट जमीन आणि तिच्यावर टाकलेल्या फळ्यांची वाट. ज्या माणसाला राजवाड्यापासून सराफ्यातून फिरत खजुरी बाजारापर्यंत जाता येतं, त्याला ती वाट जमते. आमच्या वयाच्या लोकांना परदेशात रानात चालायचं असेल, तर याच्याइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही. आणि नेमकी तीच तुमच्या एकाही माहितीपत्रकात नाही.

पीट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या टूर मॅनेजरला बसमध्ये तीन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. थंड आणि ओल्या प्रदेशात जमिनीवर पाणी साचून राहतं. त्यात स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते वरून वाढत राहतं आणि खालचं मरत जातं, पण साचलेल्या पाण्यात हवा पोचत नाही, पाणी आम्लधर्मी असतं, म्हणून मेलेलं शेवाळ पुरतं कुजत नाही. थरावर थर बसतात. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर पीट व्हायला हजारेक वर्षं लागतात. काही दलदलींत तो आठ-दहा मीटर जाड आहे. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भाग असा आहे, पण त्यात साठलेला कार्बन सगळ्या जंगलांतल्या कार्बनच्या दुप्पट भरतो. हवा नसल्यामुळे त्यात पडलेलं काहीच लवकर नष्ट होत नाही. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट खणताना एका माणसाचं प्रेत सापडलं. चेहरा इतका शाबूत, की लोकांनी पोलिसांना बोलावलं. तो माणूस सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा निघाला.

आमच्या माळव्यात हे होणं शक्य नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत कितीही पाणी साचलं तरी एप्रिल-मे महिन्यांत ती भेगाळते, हवा आत शिरते आणि जे काही सडायचं ते सडून जातं. आपल्याकडे पीट पाहायचं तर निलगिरीच्या पठारावरच्या दऱ्यांत किंवा हिमालयात जावं लागतं. इंदूरच्या गच्च्यांवर कुंड्यांत जे कोकोपीट घालतात, तो नारळाच्या काथ्याचा भुसा आहे. युरोपातल्या बागांत खरं पीट वापरतात आणि त्यासाठी दलदली उकरल्या जातात. आमच्या ग्रुपमधल्या बागकामवाल्या मंडळींना हे तिथे उभं राहून कळावं असं मला फार वाटतं, कारण एरवी ती कुंडीशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत.

आता जागा. चारच सांगतो, पण चारही अशा की रेल्वे किंवा साधी बस धरून जाता येतं.

पहिली लाटव्हियातली केमेरी. रीगाच्या मुख्य स्टेशनवरून तुकुम्सच्या दिशेने जाणारी विजेची लोकल धरायची. समुद्रकाठची युर्मालाची वस्ती मागे टाकत साधारण तासाभरात केमेरी येतं. हे पूर्वी गंधकाच्या पाण्याचं आरोग्यधाम होतं, १८३८ पासून लोक इथे स्नानाला येत. १९९७ साली त्याच्या आजूबाजूचा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. स्टेशनपासून दलदलीची लाकडी वाट तीन-साडेतीन किलोमीटरवर सुरू होते. तिथे दोन फेऱ्या आहेत. धाकटी १.४ किलोमीटरची, थोरली ३.४ किलोमीटरची, आणि थोरल्या फेरीवर एक मनोरा.

इथे मी आणि माझी बायको गेलो होतो. तुमच्यातल्याच एका कंपनीच्या सहलीत रीगाला “फ्री डे फॉर शॉपिंग” होता आणि आम्हाला काही घ्यायचं नव्हतं. स्टेशनवर तिकीट काढलं, गाडीत बसलो, केमेरीला उतरलो. झाडीतून चालत वाटेच्या तोंडाशी पोचेपर्यंत बायको दोनदा म्हणाली, “अहो, रिक्षा मिळते का बघा.” मग पाइनचं जंगल एकदम संपलं आणि समोर नुसतं आकाश. जमीन तांबूस-हिरवी, मधूनमधून खुजी झाडं. त्यातलं माणसाच्या खांद्याएवढं पाइनचं झाडसुद्धा शंभर वर्षांचं असू शकतं, कारण या जमिनीत त्याला खायलाच काही मिळत नाही. वाट दोन-तीन फळ्यांच्या रुंदीची. समोरून कोणी आलं तर एकाने जरा कडेला सरकून उभं राहायचं आणि दुसऱ्याने पुढे जायचं. दोन्ही बाजूंना लहान-मोठी डबकी, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, पण इतकं स्वच्छ की बुडाशी पडलेली काडी दिसते.

तिथे मी फळ्यांवर गुडघे टेकून बसलो. हो, त्याच गुडघ्यांवर. फळीच्या कडेला लागूनच शेवाळात नखाएवढी लाल पानं होती, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानावर बारीक डास अडकला होता आणि कडेचे केस त्याच्यावर वाकू लागले होते. ही ड्रॉसेरा. आपल्याकडे कासच्या पठारावर हिचीच भावंडं आहेत, पावसाळ्यात लोक ती बघायला रांगा लावतात. जमिनीत नत्र नाही, म्हणून ही वनस्पती किडे खाऊन भागवते. शेवाळावर बोटाने हलकेच दाब दिला तर पाणी वर आलं आणि बोट काढताच परत आत गेलं. कोरडं स्फॅग्नम स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतं असं वाचलं होतं, ते खरं वाटलं. बायको मनोऱ्यावर जाऊन वरून हात करत होती. तिला रिक्षेची आठवण राहिली नव्हती.

दुसरी जागा एस्टोनियातली विरू दलदल. तुम्ही हेलसिंकीहून बोटीने दोन-अडीच तासांत टॉलिनला नेता, जुनं शहर दाखवता आणि संध्याकाळच्या बोटीने परत आणता. एक रात्र तिथेच राहू द्या. टॉलिनपासून पन्नासेक किलोमीटरवर लाहेमा राष्ट्रीय उद्यान आहे. १९७१ साली झालं, तेव्हाच्या सोव्हिएत संघातलं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्या दिशेची बस टॉलिनच्या बसस्टँडवरून सुटते. महामार्गावरच्या फाट्यावर उतरायचं आणि जरासं चालून वाटेला लागायचं. वाट साधारण साडेतीन किलोमीटरची, बहुतेक फळ्यांची, मध्ये निरीक्षण मनोरा. या वाटेवरून एके काळी पीट काढलेलं ओसाड मैदानही दिसतं. जिवंत दलदल आणि उकरलेली दलदल एकाच फेरीत पाहायला मिळते, म्हणून मला ही जागा महत्त्वाची वाटते. एस्टोनियाची पाचव्या हिश्शाहून जास्त जमीन पीटची आहे, पण टॉलिनच्या तुमच्या कार्यक्रमात तिचं नावही येत नाही.

तिसरी स्कॉटलंडमधली, आणि रेल्वेवेड्या माणसांसाठी हीच सगळ्यांत भारी. इन्व्हरनेसहून उत्तरेला थर्सो आणि विककडे एक एकेरी रेल्वेमार्ग जातो. त्यावर फॉर्सिनार्ड नावाचं स्टेशन आहे. स्टेशनच्या जुन्या इमारतीतच पक्षिसंरक्षण संस्थेचं माहिती केंद्र आहे आणि जवळूनच मैलभराची फरसबंद वाट दलदलीत जाते. लहान-लहान डोहांच्या मधून ती एका निरीक्षण मनोऱ्यापाशी पोचते. या सगळ्या प्रदेशाला फ्लो कंट्री म्हणतात. २०२४ साली युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला. केवळ पीटसाठी हा मान मिळालेली जगातली ही पहिली जागा.

फ्लो कंट्रीची एक गोष्ट टूर मॅनेजरने जरूर सांगावी. १९८० च्या दशकात करसवलतीच्या लोभाने तिथे धनवान लोकांनी दलदलीत चर खणून परदेशी सूचिपर्णी झाडांची लागवड केली. पीट सुकू लागलं, पक्षी हटले. १९८८ साली सरकारने ती सवलत काढून घेतली. आता तीच झाडं तोडून, चर बुजवून पाणी परत जागच्या जागी थांबवण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. झाडं तोडणं म्हणजे निसर्ग वाचवणं, असं जगात कुठे ऐकलंय? आमच्या मंडळात वृक्षारोपणाचे फोटो काढणाऱ्यांनी तरी हे एकदा डोळ्यांनी पाहावं.

तुम्ही स्कॉटलंडला आम्हाला डिस्टिलरीत नेताच. तिथला मार्गदर्शक सांगतो, की काही व्हिस्कींना पीटच्या धुराचा वास असतो, कारण मोड आलेलं बार्ली पीट जाळून सुकवतात. आम्ही माना डोलावतो, आमच्यातले काही जण बारकाईने चाखतातही. ज्याचा धूर चाखला ते पीट मात्र कोणीच पाहिलेलं नसतं!

चौथी आयर्लंडमधली क्लारा. ऑफली परगण्यातलं हे लहानसं गाव डब्लिन-गॉलवे रेल्वेमार्गावर आहे. गावाबाहेर दोनेक किलोमीटरवर क्लारा बॉग, तिथे एक किलोमीटरची लाकडी फेरी. माहिती केंद्र गावातल्या ग्रंथालयाच्या इमारतीत. ही दलदल आजूबाजूच्या जमिनीपेक्षा मधोमध उंच उचललेली असते, कारण तिला पाणी फक्त पावसाचं मिळतं आणि शेवाळ मध्यभागी जास्त वाढतं. ज्यांना खरोखरच जास्त चालवत नाही त्यांच्यासाठी ही जागा.

आता तुमचे प्रश्न. ते मला पाठ आहेत.

कोच बस असताना लोकल कशाला? बस आहे म्हणूनच. ड्रायव्हरचे तास हे प्रकरण तुम्हीच आम्हाला शिकवलं आहे. साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती, दिवसाला नऊ तासांची मर्यादा, वर आठवड्याची सक्तीची सुट्टी. प्रत्येक सहलीत एक दिवस असा येतोच की बस चालवता येत नाही. मग तुम्ही तो “फ्री डे” म्हणून छापता आणि आम्ही कुठल्यातरी मॉलमध्ये बाकावर बसून घरी व्हिडिओ कॉल लावतो. तो दिवस आम्हाला द्या. बसचं डिझेल नाही, पार्किंगचं शुल्क नाही. लोकलचं तिकीट तर तुम्ही दुपारी देता त्या कॉफीपेक्षा फार महाग पडणार नाही.

दुसरं कारण जास्त खरं आहे. पंचेचाळीस माणसं एका बसमधून उतरून एकदम त्या दोन फळ्यांच्या वाटेवर गेली, तर ना आपल्याला काही दिसेल ना इतरांना चालता येईल. लोकलने गेलो तर आपोआप विभागतो. दहा-बारा जण या गाडीने, दहा-बारा पुढच्या. कोणी फळीवरून खाली पाय ठेवला तर शेवाळावर उमटलेला ठसा वर्षानुवर्षं राहतो, हे लहान गटाला समजावता येतं, पंचेचाळीस जणांना माईकवरून नाही. आणि कृपा करून दलदलीत अंताक्षरी नको. ती बसमध्ये, हवी तेवढी.

ज्येष्ठ लोक परदेशात एकटे लोकल कसे धरणार? अहो, आम्ही इंदूरचे आहोत. सिटी बसमध्ये कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत म्हातारे झालो. महूच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास केलाय. हिवाळ्यात आमच्यातली काही मंडळी धार रोडच्या बसने सिरपूर तलावावर जातात, परतीची बस कधी येईल याचा अंदाज बांधून. हा तलाव होळकर संस्थानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केला. २०२२ साली रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला, त्याच वर्षी गंभीर नदीवरचा यशवंतसागरही गेला, आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूरला उदयपूरबरोबर रामसरची पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. पाणथळ जागेत चिखल न तुडवता चालायचं, पक्षी उठवायचे नाहीत, शेवेचं रिकामं पाकीट खिशात घालून घरी आणायचं, हे आम्हाला शिकवावं लागणार नाही. स्वच्छतेत पहिला नंबर काही फुकट आलेला नाही.

तुमच्याकडून फक्त तयारी हवी. प्रत्येकाच्या हातात एक कागद: कुठलं स्टेशन, उतरायचं नाव तिथल्या लिपीत आणि देवनागरीत, जाण्याच्या आणि येण्याच्या दोन-दोन गाड्यांच्या वेळा, शेवटची गाडी ठळक अक्षरात, हॉटेलचा पत्ता आणि ११२ हा युरोपभर चालणारा आणीबाणीचा नंबर. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, तेवढं मात्र तपासून छापा. फॉर्सिनार्डला दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत. तिथे एक चुकली तर पुढची येईपर्यंत बराच वेळ दलदलीकडेच बघत बसावं लागेल. दोघा-दोघांच्या जोड्या करा आणि एकट्याने जायचं नाही असा नियम ठेवा. टूर मॅनेजर गटाबरोबर आला तर उत्तम, नाही आला तरी फोन चालू ठेवावा.

काही गोष्टी आधी सांगाव्याच लागतील. ओल्या फळीवर पाय घसरतो. काही ठिकाणी तिच्यावर बारीक जाळी ठोकलेली असते, सगळीकडे नसते. म्हणून गुळगुळीत तळव्याचे बूट चालणार नाहीत, आणि साडीऐवजी त्या दिवशी सलवार किंवा पँट बरी. बाल्टिक देशांत गवतात गोचीड असते, तिच्या चाव्याने आजार होऊ शकतो. लांब पायघोळ कपडे घालायचे, मोजे वर ओढायचे आणि हॉटेलवर आल्यावर अंग तपासून घ्यायचं. जुलैमध्ये डास चावतात. स्वच्छतागृह असलंच तर वाटेच्या तोंडाशी, दलदलीच्या आत नाही. वाटेत दुकान नाही, सावलीही नाही, पाणी आणि खाणं सोबतच न्यावं लागतं. डोहाच्या काठावरचं शेवाळ जमिनीसारखं दिसतं पण ते पाण्यावर तरंगत असू शकतं, तिथे फोटोसाठी उतरायचं नाही. शेवटचं वाक्य आमच्या काही मित्रांना दोनदा सांगा.

एक जेवणाची वेळ. हा माझा जुना राग आहे. जूनमध्ये टॉलिनला सूर्य रात्री साडेदहाच्या पुढे मावळतो आणि तुम्ही आम्हाला सात वाजता भारतीय उपाहारगृहात पनीर खायला बसवता. बाहेर लख्ख ऊन आणि आम्ही जेवून साडेआठला खोलीत, पडदे ओढून. जेवण त्या एका दिवशी डब्यात द्या. पराठे, लोणचं, दोन केळी. कोणी तक्रार केली तर माझ्याकडे पाठवा. एवढा उजेड असताना दुपारी तीनला निघालेला माणूससुद्धा केमेरी किंवा विरू बघून आरामात परत येतो. म्हणजे पूर्ण दिवस द्यायचीही गरज नाही, अर्धा दिवस आणि एक संध्याकाळ पुरे.

हे सगळ्यांना आवडेल असा माझा दावा नाही. काही जण परत येऊन म्हणतील, “तिथे होतं काय? गवत आणि पाणी.” त्यांच्यासाठी शॉपिंग आहेच, बंद करू नका. ऐच्छिक ठेवा. मात्र ऐच्छिक म्हणून माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक टाइपात टाकू नका. ज्या पानावर टॉलिनच्या जुन्या शहराचा रंगीत फोटो असतो, त्याच पानावर दलदलीतल्या वाटेचाही असू द्या. आणि कोच बसने “बॉग फोटो स्टॉप, वीस मिनिटं” असलं काही करणार असाल, तर ते मुळीच करू नका. वाटेच्या तोंडाशी उभं राहून दलदल कळत नाही. ती कळायला निदान एक फेरी पायी पूर्ण करावी लागते.

सुरुवात बाल्टिक सहलींपासून करा, असं सुचवतो. लाटव्हिया आणि एस्टोनिया दोन्ही शेंगेन व्हिसात, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसात, येतात, अंतरं छोटी आहेत, चालणं आखूड आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंड पुढच्या खेपेला. पहिल्या वर्षी एकाच तुकडीत करून पाहा. मे अखेर ते सप्टेंबर हा काळ चांगला, आणि सप्टेंबरमध्ये डास कमी असतात, शेवाळ लाल-पिवळं होतं आणि विमानाची तिकिटंही जरा उतरलेली असतात. गणपती त्या सुमारास येतात हे आम्हाला ठाऊक आहे. विसर्जनानंतरची तारीख टाका, इंदूरची मंडळी तयार आहेत.

पुढच्या हंगामाची माहितीपत्रकं तुम्ही दिवाळीच्या आसपास छापायला टाकता. त्याआधी इंदूरला जे प्रेझेंटेशन होईल त्यात रीगाच्या पानावर केमेरीच्या लोकलची वेळ दिसली, तर त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरायला आमच्यातले निदान डझनभर लोक चेकबुक घेऊन येतील. दिसली नाही, तर प्रश्नोत्तरांच्या वेळी मी पहिल्या रांगेत असेन.

कळावे, लोभ असावा.

तुमचा एक जुना प्रवासी,
इंदूर